दस्तबरदारी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. हे मी लाजत सांगत नाही, आणि कोणी विचारण्याची वाटही पाहत नाही. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत आता राहते त्या घराच्या फाटकावर माझ्या नावापुढे बी.ए. असं रंगवून घेतलेलं आहे. नातू म्हणतो, आजी, आजकाल पाटीवर बी.ए. कोणी लिहितं का? मी त्याला सांगते, तुझ्यासाठी ती दोन अक्षरं आहेत रे, माझ्यासाठी तीन वर्षं सकाळची पॅसिंजर आहे आणि डब्यातली गार भाकर आहे. असो. इथे मला माझ्या डिग्रीबद्दल लिहायचं नाही. त्या तीन वर्षांतला एक हिवाळा लिहायचा आहे, आणि त्या हिवाळ्यात सेलूच्या कचेरीसमोर मला मिळालेला एक शब्द. दस्तबरदारी. आज तो कोणी वापरत नाही. रजिस्ट्रीची कामं करणाऱ्या तीन वकिलांना मी विचारून पाहिलं. दोघं हसले, तिसऱ्यानं मोबाईलवर शोधला. जमिनीवरचा आपला हक्क दुसऱ्यासाठी सोडून देण्याला तो शब्द होता. आता त्याला हक्कसोडपत्र म्हणतात आणि छापील नमुन्यात नावं भरतात.

आमचं गाव सिंदी रेल्वेपासून दीड-दोन कोस आत. घर दोन खोल्यांचं, वर कवेलू, पुढे सारवलेली छपरी. हिवाळ्यात त्यातली एक खोली कापसाची असायची. वेचा येत जाई तसा ढीग चढत जाई आणि माणसं दुसऱ्या खोलीत सरकत जात. कापसाला एक कोमट वास असतो, थोडा धुळीचा, थोडा सरकीच्या तेलाचा. तो आमच्या कपड्यांत असे, अंथरुणात असे, माझ्या वह्यांत असे. वर्ध्याला वर्गातल्या मुली म्हणायच्या, मंदा, तुझ्या वहीला कसला ग वास येतो? मी म्हणायची, पिकाचा, तुमच्या वहीला येतो का? सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि त्या आवाजावर चढलेल्या माय आणि आत्याच्या बोलण्यानं. दोघी भांडत आहेत की नुसत्या बोलत आहेत हे नवख्या माणसाला कळलं नसतं. पौषात तुरीच्या शेंगा भरल्या की आत्या शेतातून येताना ओच्यात शेंगा भरून आणायची. मग दिवेलागणीला आम्ही सगळे चुलीपुढे बसून त्या सोलायचो. ओल्या सोल्यांची भाजी, त्यात वांगं, बाजूला जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकर. मी नंतर हॉटेलांतही जेवले, लेकाच्या पगारातून पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलातही जेवले, पण आजही पौषात मला दुपारपासून त्या भाजीची भूक लागते.

आत्याचं नाव भिवरा. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला हिंगणघाटला दिलं होतं, नवरा गिरणीत कामाला होता. त्यानं दुसरी बायको आणली तेव्हा आत्या एक गाठोडं घेऊन माहेरी परत आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन शेतात गेली. त्यानंतर वीसेक वर्षं ती रोज शेतात गेली. दीक्षेच्या वेळी पांढरं लुगडं नेसून बैलगाडीनं नागपूरला गेली तेवढाच काय तो खंड, त्याबद्दल ती म्हणायची, "धम्मासाठी चार दिस गेलतो, तेवढ्यात निंदण वाढलं." शेत साडेतीन एकर. माझा आजा तिथे आधी मालगुजाराचं कूळ होता, मालगुजारी गेली तेव्हा ते त्याच्या नावावर आलं. आजा वारला, पण सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहिलं. बाबा सिंदीच्या एका जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर, होते. हंगामभर ते कापसाचे तंतू भुवयांत घेऊन घरी येत. म्हणजे शेत आजाच्या नावावर, घरातला पुरुष जिनिंगमध्ये, आणि शेतात आत्या. कोणतं बी कुठे पडेल, पाणी कुठे साचतं, कोणत्या तासातल्या पराटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं उशिरा फुटतात, हे फक्त तिला ठाऊक. तिला सही येत नव्हती. आकडे शंभरापर्यंत यायचे, तेही वेचलेल्या ओझ्यांपुरते.

त्या हिवाळ्यात सरकारच्या विहिरींच्या योजनेत आमच्या गावाचं नाव आलं. बाबा अर्ज करायला गेले तर तलाठी म्हणाला, जमीन अजून मेलेल्या माणसाच्या नावावर आहे. वारस दोन, तुम्ही आणि तुमची बहीण. बहिणीनं हक्क सोडला तर एकट्याच्या नावानं अर्ज सरळ जाईल, महिनाअखेरपर्यंत करून टाका. बाबांनी ही गोष्ट सोले सोलताना काढली.

"बाई, एक अंगठा द्या लागते सेलूले."

"काऊन?" आत्यानं विचारलं.

"शेत एका नावावर कराचं हाय. विहिरीसाठी. तलाठी म्हणते."

"कोणाच्या नावावर?"

बाबांनी चुलीत काडी सारली. "घराच्या."

"घराले नाव हाय काय रे?" आत्या म्हणाली. माय पदर तोंडाला लावून हसली. बाबाही हसले, मग म्हणाले, "माह्या नावावर. अजून कोणाच्या?"

आत्यानं दोन-तीन शेंगा सोलल्या. "विहीर होईन?"

"होईन."

"कुठं खणशीन?"

"तू म्हणशीन तिथं."

"मंग देतो अंगठा," आत्या म्हणाली, आणि टरफलं चुलीत लोटली.

माय म्हणाली, "नावात काय ठेवलं हाय बाई. भाकर तं एकाच तव्यावरची हाय." यात मायचं काही कपट नव्हतं. आमच्या गावात सगळ्या बहिणी अंगठा देत. अंगठा देणारीचं माहेर राहतं आणि न देणारीचं तुटतं, असं तोंडानं कोणी म्हणत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं. आणि आत्याला तर माहेराशिवाय दुसरं दारच नव्हतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इतिहास माझा आवडता विषय होता, पेपरात मला चांगले मार्क पडायचे, आणि त्या संध्याकाळी त्या चुलीपुढे बसून मला या व्यवहारात काहीही वावगं वाटलं नाही. हे लिहायलाच हवं म्हणून लिहिते आहे.

कागद करून घ्यायला बाबा मला सोबत घेऊन सेलूला गेले. लिहिलेलं वाचून पाहणारं घरात आता कोणी आहे, याचा त्यांना मोठा अभिमान होता. बसमध्ये त्यांनी शेजारच्या माणसाला दोनदा सांगितलं की पोरगी वर्ध्याला कॉलेजात जाते. कचेरीसमोर कडुनिंबाखाली पाच-सहा अर्जनवीस आपापल्या लाकडी पेट्या मांडून बसत. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याला लोक मुन्शीजी म्हणत. काळी टोपी, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा, बोटांना शाईचे डाग. लहानपणी उर्दू-फारसी शिकलेले, तरुणपणी नागपूरला कोणा वकिलाकडे कारकुनी केलेले. बाबांनी त्यांना निवडलं, कारण बाकीच्यांपुढे रांगा होत्या आणि त्यांच्यापुढे कोणी नव्हतं. का नव्हतं ते पुढे कळलं.

त्यांनी नावं विचारली, शेताच्या चतुःसीमा विचारल्या आणि लिहायला लागले. मी समोर बसून उलटं वाचत होते. वरती ठळक लिहिलं होतं हक्कसोडपत्र, आणि त्याखाली बारीक अक्षरात, उर्फ दस्तबरदारी.

"हा शब्द मराठी नाही," मी म्हणाले. मला वाटलं, चूक पकडली.

मुन्शीजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठं शिकते?"

"कॉलेजात. बी.ए."

"अरे वा. मग तर सांगावंच लागेल." त्यांनी टाक बाजूला ठेवला आणि पेटीच्या झाकणावर थाप मारली. "इथं हात ठेव, बेटा."

मी ठेवला.

"आता उचल."

मी उचलला.

"झाली दस्तबरदारी," ते म्हणाले. "दस्त म्हणजे हात. बरदार म्हणजे उचलणारा. जिस चीज पर अपना हाथ था, उस पर से उठा लिया. बस, एवढंच आहे. तुम्ही दस्तऐवज म्हणता ना? त्यातही हाच हात आहे. ज्याला धरून हात लटकतो, तो दस्तऐवज. दस्तुरखुद्द म्हणता, म्हणजे खुद्द आपल्या हातानं. आणि बरदाश्त करणं म्हणतो आपण, तेही याच घरचं. बरदाश्त म्हणजे उचलून धरणं, ओझं सोसणं."

"हे कुठून आले शब्द?"

"ईरानातून. दिल्लीच्या दरबारात राहिले, मग नागपूरच्या कचेऱ्यांत आले, आणि आता सेलूच्या निंबाखाली बसले आहेत, माझ्यासारखे. साहेब लोक गेले, मालगुजार गेले, शब्द राहिले. माझ्यानंतर तेही जातील."

पलीकडचा एक अर्जनवीस म्हणाला, "मुन्शीजी, पोरीले मास्तरीन करता काय?" मुन्शीजी म्हणाले, "तुझ्यासारखं तर नाही ना करत."

मला काय झालं ते सांगता येणं कठीण आहे. दस्त हा शब्द मी हजारदा ऐकला होता. तो सरकारी होता, कोरडा होता, शिक्क्यांचा होता. आणि आता त्याच्या आत माणसाचा हात निघाला, पाच बोटांचा. कोणत्या तरी दूरच्या देशात, कोणत्या तरी काळात एखादा माणूस आपल्या वस्तूवरून हात उचलून उभा राहिला असेल. दुसऱ्या कोणी ते पाहिलं असेल आणि त्याला शब्द केला असेल. आणि तो शब्द इतक्या तोंडांमधून, इतक्या लेखण्यांमधून घरंगळत आमच्या साडेतीन एकरांपर्यंत आला. परत येताना बसच्या खिडकीच्या गजावर मी हात ठेवत होते आणि उचलत होते. पुढे एम.ए.च्या परीक्षेसाठी नागपूरला गेले, ते एम.ए. पुरं झालं नाही, पण तेव्हा तिथल्या मोठ्या ग्रंथालयात मी फारसीचा शब्दकोश मागून घेतला. ग्रंथपालानं माझ्याकडे आणि माझ्या चपलांकडे पाहिलं. मी शोधलं. मुन्शीजींनी सांगितलं होतं त्यातलं एक अक्षर चुकीचं नव्हतं.

पण त्या दिवशी निघण्याआधी मुन्शीजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि त्यांच्यापुढे रांग का नव्हती ते कळलं. ते बाबांना म्हणाले, "मंगळवारी बहिणीला आणा. आणि शेताची ओंजळभर माती आणा."

"माती कायले?" बाबा म्हणाले.

"माझ्या उस्तादांचा कायदा आहे. अंगठा काय, झोपलेल्या माणसाचाही धरून उठवता येतो. हात तसा नाही. माती समोर ठेवायची, सोडणाऱ्यानं तिच्यावर हात ठेवायचा आणि आपल्या मनानं उचलायचा. मग मी कागद पुरा करतो. पटत नसेल तर तिकडे रांग आहे."

हा रिवाज मी नंतर किती पुस्तकांत शोधला. कुठेच सापडला नाही. बहुधा त्यांच्या उस्तादाचा असेल, किंवा उस्तादाच्या नावावर त्यांनी स्वतःच चालवला असेल. आयुष्यभर बहिणींचे, विधवांचे अंगठे कागदावर उठताना पाहून माणसाला काहीतरी सुचतं. बाबा कुरकुरले, पण अर्धा कागद लिहून झाला होता.

माती आणायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी कॉलेजातून परतताना मी वाट वाकडी करून शेताकडे गेले. पायात नव्या चपला होत्या. आदल्या रात्री पाऊस शिंपडून गेला होता, आत पराटीत ओल होती, चिखल होता, काडीकचरा होता. धुऱ्यावर, म्हणजे आमच्या आणि शेजारच्या शेतामधल्या बांधावर, जमीन कोरडी होती. मी तिथेच पलीकडच्या अंगाला वाकले, ओंजळभर माती रुमालात बांधली आणि घरी आले. माती ती माती, असं शिकलेल्या माणसाला वाटतं.

मंगळवारी आत्या धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, मुन्शीजींसमोर मांडी घालून बसली. मी रुमाल सोडला. बाजूचे अर्जनवीस लिहायचे थांबले होते. त्यांना हा तमाशा नेहमीचा होता. आत्यानं मातीवर हात ठेवला. तो हात मी रोज पाहत आले होते, पण तिथे, त्या पांढऱ्या रुमालावर, तो मला पहिल्यांदा दिसला. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेला, अंगठ्याचं नख उभं चिरलेलं, तळवा फावड्याच्या दांड्याइतका गुळगुळीत. तिनं तो ठेवला, आणि उचलण्याऐवजी थोडी माती चिमटीत घेतली, चोळली, नाकाशी नेली.

"हे आपली माती नाई," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "बाई, मातीच हाय ना वं."

"मातीच हाय. पण आपली नाई. हे धुऱ्यापलीकडची हाय. पाय, चुनखडीचे बारीक खडे हायेत हिच्यात, आपल्या शेतात चुनखडी नाई. अन् आपली हाताले धरते, हे सुटून राह्यली." मग माझ्याकडे वळून, "मंदे, कुठून आणली वं?"

मी खाली मान घालून सांगितलं.

"चपला भिजतीन म्हणून आत नाई गेली," आत्या म्हणाली. ती रागावली नव्हती. नुसतं कळलेलं सांगत होती, आणि ते जास्त लागलं. निंबाखाली कोणी हसलं नाही. मुन्शीजींनीही चिमूटभर माती घेतली, उन्हात धरून पाहिली आणि परत ठेवली.

"किती वर्षं शेत करता बाई?"

"वीस झाले असतीन."

"आणि नाव कोणाचं आहे त्यावर?"

"बापाचं."

त्यांनी टाक पुसला. "परायी जमिनीवरून हात उचलून काय होणार? रविवारी मीच शेतात येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, कॉलेजला सुट्टी होती, मी तिच्यासोबत कापूस वेचायला गेले. माझ्या चुकीची भरपाई म्हणा. बरंच पुढे गेल्यावर तिनं मागे न पाहता विचारलं, "मंदे, तो मुन्शी तुले काय शब्द म्हणलता?"

मी सांगितलं. दस्त, हात. बरदार, उचलणारा. ज्यावर आपला हात आहे त्यावरून तो उचलणं. मला शिकवायला मिळालं म्हणून मी जरा सविस्तरच सांगितलं, इराण-दिल्लीसकट. इराण-दिल्लीत तिला काही रस नव्हता.

"म्हणजे उचलाच्या आंधी हात असाव लागते."

"हो."

"ज्याचा हातच नसन, तो काय उचलन?"

"त्याला उचलायला काहीच नाही. त्याच्याकडून कोणी लिहूनही घेणार नाही."

आत्या थांबली. ओटीत कापूस, हातात बोंड. "मंग तो कागदच म्हणते ना, का माहा हात होता म्हणून?"

मी पराटीच्या तासात उभी राहिले. तीन दिवस मी त्या शब्दाशी खेळत होते, त्याच्या मागे जाऊन दूरचे देश पाहून आले होते, आणि त्याच्या पोटातली सगळ्यात साधी गोष्ट मला दिसली नव्हती. हक्क सोड असं ज्याला म्हणायचं, त्याला आधी हक्क आहे हे मान्य करावं लागतं. आत्याला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं की त्या शेतात तिचंही काही आहे. ती समजत होती की भाऊ ठेवून घेतो म्हणून आपण राहतो आणि त्याची परतफेड म्हणून राबतो. आणि हे तिला पहिल्यांदा कळलं ते, ते काढून घेणाऱ्या कागदावरून. मी पुढे पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. एखाद्या शब्दाच्या अर्थाकडे असा सरळ, असा मुळापर्यंत गेलेला विद्यार्थी मला पुन्हा भेटला नाही.

"हो आत्या," मी म्हणाले. "कागद तसंच म्हणतो."

"बरं," ती म्हणाली, आणि वेचायला लागली.

घरात पुढचे दिवस अवघडलेले गेले. आत्या नेहमीसारखीच कामं करायची, पण मायला प्रत्युत्तर देत नव्हती, आणि त्यामुळे सकाळी घर फार शांत वाटायचं. माय माझ्याजवळ म्हणाली, "बाई काई बोलून नाई राह्यल्या. काय म्हणलं तू त्याहीले?" मी म्हणाले, शब्दाचा अर्थ सांगितला. माय म्हणाली, "शिकवून शिकवून हे शिकवलं काय तुले." बाबा महिनाअखेरचे दिवस बोटांवर मोजत होते. त्यांना विहीर हवी होती. कोरडवाहू शेतात बहिणीला आणखी वीस वर्षं घालवावी लागू नयेत, हेही त्यात होतं. ते वाईट नव्हते. त्यांनी फक्त कधी विचारलं नव्हतं.

रविवारी मुन्शीजी दमणीत बसून आले, पेटी मांडीवर. बाबांनी त्यांना हात देऊन उतरवलं. ते बाभळीच्या सावलीत पेटीवरच बसले आणि म्हणाले, "बाई, जागा तुम्ही निवडा." आत्या शेताच्या उत्तरेच्या उताराकडे गेली, जिथे विहीर खणायचं ठरलं होतं. पराटीच्या दोन तासांमध्ये बसली. पदर खोचला, ढेकूळ फोडून माती सारखी केली, आणि तिच्यावर उजवा हात पसरून ठेवला.

"आता आपल्या मनानं उचला," मुन्शीजी म्हणाले. "घाई नाही."

आम्ही उभे राहिलो. पलीकडच्या शेतात वेचणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं. दमणीचे बैल मान हलवत, घुंगरं वाजत. सिंदीकडून मालगाडी गेली, ती लांबलचक असावी, तिचा आवाज पुष्कळ वेळ संपला नाही. आत्याचा हात तिथेच होता.

"झालं काय बाई?" बाबांनी विचारलं.

"नाई."

"मुन्शीजीले वापस जाचं हाय."

"जातीन."

मग आत्या मान वर न करता म्हणाली, "सुखदेवा, तूच उचल माहा हात."

"मी?"

"तुले पायजे ना? धर अन् उचल. मी ओढून नाई धरत. मी ना बी नाई म्हणत."

बाबा पुढे आले. वाकले. त्यांनी आत्याचं मनगट धरलं. मला वाटलं, आता उचलतील. मी त्यांची पाठ पाहत होते, सदऱ्यावर खांद्यापाशी अजून जिनिंगचा कापूस चिकटलेला होता. ते तसेच वाकून राहिले. मग त्यांनी मनगट सोडलं आणि तिथेच उकिडवे बसले.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "मी उचलला तं चालते काय?"

"नाही," मुन्शीजी म्हणाले. "दुसऱ्यानं उचलला तर ती दस्तबरदारी नसते. त्याला दुसरा शब्द आहे. तो मी लिहीत नाही."

"मंग विहिरीचं कसं?"

"दोघांच्या नावानंही अर्ज जातो. एक सही, एक अंगठा. चार खेटे जास्त पडतील. कमी कागद तलाठ्याला आवडतात, कायद्याची काही हरकत नाही."

"हे तुम्ही पहिले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, बहिणीचा हक्क सोडवायचा आहे."

बाबांनी एक काडी उचलली, मोडली. ते बहिणीकडे पाहत नव्हते, त्या हाताकडे पाहत होते. "चार खेटे मारू," ते म्हणाले. "लिहा दोन्ही नावं."

"आधी कोणाचं?"

"बाईचं. थोरली हाय ते."

मुन्शीजींनी पेटीतून कोरा कागद काढला, मांडीवर ठेवला, टाक बुडवला आणि मोठ्यानं म्हणत लिहायला लागले, भिवराबाई, वडिलांचं नाव, राहणार. आत्याला तिचं पूर्ण नाव असं कोणाच्या तोंडून कधी ऐकायला मिळालं होतं की नाही, कोण जाणे. चार खेट्यांचे अकरा झाले. विहीर लागायला दोन उन्हाळे गेले, आणि या अकरा खेट्यांवरून बाबा आत्याला मरेपर्यंत टोमणे मारत राहिले. पण ते पुढचं. त्या वेळी अर्ज लिहून झाला, मुन्शीजींनी शाईवर फुंकर घातली, मी तो वाचून पाहिला आणि त्यात एकही चूक नव्हती. बाबा उठले, गुडघे झटकले.

आत्या तशीच बसून होती, हात मातीवर.

"बाई, उठ ना वं आता," बाबा म्हणाले. "कागद तं बदलला. आता कायले बसून राह्यली?"

"उठतो रे, थांब जरासा," आत्या म्हणाली. "आजच तं ठेवला."